नाव सांगावे

परवान्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.
कोणी वाचत नाही, त्या दिवसापर्यंत मीही वाचलं नव्हतं:
अपघात घडल्यास चालकाने नाव थांबवावी.
नाव आधीच थांबली होती
हतनूरच्या फुगवट्यात, पाणकणसांच्या जरा अलीकडे,
शेवाळलेलं पोट वर करून.

बुडणाऱ्यांस शक्य ती मदत करावी.
सुपडू भोयाने केळी कापायला निघालेली अख्खी टोळी
एकेक करून काठावर ओढली.
शेवटच्याला पालथं घालून पाणी काढलं.
टोळीने आपापसात मोजलं, भरले अकरा.
मुकादम तिथेच नारळ बोलला.
सुपडू मात्र अंधार पडेपर्यंत
बुड्या मारत राहिला.
का, ते कोणी विचारलं नाही.

विनाविलंब नजीकच्या ठाण्यात कळवावे.
सहा किलोमीटर चालत आला.
वाटेत टेम्पो थांबला होता, बसला नाही,
"सीट भिजली असती त्याची."
बंडीचं पाणी टपकत होतं
माझ्या रजिस्टरच्या कडेवर.
नोकरीचं दुसरं वर्ष माझं, रात्रपाळी,
डब्यात वांग्याचं भरीत तसंच.

परवाना पाहिला. क्षमता अकरा.
म्हटलं, सगळं नियमात आहे, कोणी दगावलं नाही,
अंगठा दे अन् जा घरी.
त्याने शाईच्या पॅडकडे पाहिलं, अंगठा मुठीत ठेवला.
"बारा लिहा, साहेब."

बारावं कोण?
"एक बाई व्हती, सातपुड्याकडची. शेवटी चढली.
बाजाराले जात व्हती."
पैसे दिले होते तिने?
"तिच्यापासून मी घेत नाई."

मी पेन खाली ठेवलं.
दार लोटून घेतलं, हे लिहायला हवं,
कारण पुढचं मीच बोललो, त्याने सुचवलं नव्हतं:
अकरा लिहिले तर उद्या नाव सोडशील.
बारा लिहिले तर नाव जप्त, परवाना रद्द,
वर सदोष मनुष्यवधाचं कलम.
तिला विचारायला कोणी आलेलं नाही.
कोणाला माहीत आहे, तुझ्या-माझ्याशिवाय?

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
"कोंबडी हाय ना बाहेर."

व्हरांड्यात टोपलीखाली खरंच होती,
पिसं चिकटलेली, एक नखी तुटकी,
माझ्याकडे एका डोळ्याने बघत.

बारा लिहिले.
मुद्देमाल: कोंबडी, एक नग, तपकिरी, जिवंत.
मयत किंवा बेपत्ता व्यक्तीचं नाव:
इथे सुपडू पहिल्यांदा खाली बसला.
"चार वर्सं झाले, माह्या नावेत बसे.
नाव विचाराचं राहूनच गेलं."

तिसऱ्या दिवशी ती जलपर्णीत सापडली.
त्याच सकाळी कोंबडीने माझ्या टेबलाखाली अंडं घातलं.
अंड्याचं काय करायचं
ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी एक पोरगा आला,
पायात दोन वेगवेगळ्या चपला.
फोटो पाहून काही बोलला नाही,
कोंबडीची नखी पाहून रडला.
आईचं नाव झुनकी, म्हणाला.
रकाना अरुंद होता, बसलं कसंतरी.
कोर्टाच्या हुकमाशिवाय
मुद्देमाल देता येत नाही.
मी दिला.

संध्याकाळी सायकल काढून घाटावर गेलो.
नाव साखळीत, तिच्यावर आमचं लाखेचं सील,
आणि सुपडू जवळच दुसऱ्याचं जाळं शिवत बसलेला,
रोजाने.
नाव सांगितलं त्याला.
सुई थांबली.
त्याने ते एकदाच उच्चारलं, हळू,
पाण्याकडे तोंड करून,
मग दातांनी दोरा तोडत म्हणाला,
"कोंबडी नेली ना पोरानं?"